कुंडीतला माइक

आमचे हे बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळाच्या स्टेजवर "फक्त दोन शब्द" बोलायला चढले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. कारण भाषण माझं होतं. माझा उभा जन्म हॉस्पिटलात लोकांचे कान तपासण्यात गेला, पण मंडळात मी कायम डॉक्टर शशींची मिसेस. या खेपेला मात्र १९३० सालच्या एका वेस्टर्न सिनेमाची ओळख सुप्रभाताई, म्हणजे मी, करून देणार, असं ठरलं होतं. त्यासाठी नवी इरकल नेसले होते.

त्या सिनेमातली गंमत मी पकडली होती. बोलपट तेव्हा नुकते आलेले, माइक कुठंतरी लपवावा लागे. दारूच्या गुत्त्यातल्या सीनमध्ये हिरो सारखा टेबलावरच्या कॅक्टसकडे झुकून बोलतो, कारण माइक त्या कुंडीत! त्याच्या मित्राचं काम करणारा नवखा क्लेम हार्गेट मात्र पार दाराशी उभा असतो, आणि तरी त्याचाच शब्दन्‌शब्द कळतो. नाटकात कमावलेला आवाज. त्या एका सीननं तो वर आला. मला हे उमगलं तेव्हा मी आनंदानं ओरडले होते आणि सोफ्यावर घोरणाऱ्या ह्यांना उठवून सगळं सांगितलं होतं.

आणि आता हे स्टेजवरून सांगत होते, "मी जरा कान देऊन ऐकलं, तेव्हा लक्षात आलं..."

कान देऊन! दोन्ही कानांत मशिनं आहेत ह्यांच्या, मीच बसवलेली. वाक्यं माझी, विनोद माझे, मी आरशासमोर घोटलेले पॉजसुद्धा माझे. टाळ्या पडत होत्या आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

मागून इरावती उठली. इथंच जन्मलेली, आमच्या शेजाऱ्यांची मुलगी. "शशीकाका, ही कॅक्टसचा गोष्ट फर्स्ट कोणी नोटिस केला?"

ह्यांना ऐकू गेलं नाही. सवयीनं माझ्याकडे पाहिलं. चार लोकांत ह्यांची पंचाईत होऊ नये म्हणून मी पदराला एक छोटा माइक लावते. त्यात बोललं की थेट ह्यांच्या मशिनमध्ये ऐकू जातं, दुसऱ्या कुणाला नाही.

मला वाटलं, बोलण्याच्या भरात माझं नाव राहून गेलं असेल. नवराच आहे, द्यावी संधी.

"अहो," मी हळूच म्हटलं, "ती विचारतेय, हे आधी कुणाच्या लक्षात आलं?"

ऐकू गेलं. ते मला चेहऱ्यावरून कळतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला.

"माझ्याच," ते म्हणाले.

मी पदराचा माइक काढला आणि बंद केला. कुणीतरी पुढचा प्रश्न विचारला. हे माझ्याकडे बघत राहिले.