झावळीचा तंटा

अंबाने आणलेली हॉर्लिक्सची बाटली वासुकीने फळीवर आधीच्या बाटल्यांशेजारी ठेवली. आतल्या खोलीत अंबा आपल्या चुलत भावाला, गुरुराजला, सांगत होती की चेहऱ्यावर चांगली टवटवी आलीय, पोंगलपर्यंत हिंडूफिरू लागशील. गुरुराज भिंतीकडे तोंड करून पडला होता. यकृतात कॅन्सर पसरल्यावर डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटले, त्याचा अर्थ त्याला बायकोच्या, वासुकीच्या, आधी कळला होता.

तंजावूरच्या कोर्टात तो जन्मभर बेंच क्लार्क होता. भांडणे ऐकून ऐकून भांडण अंगात मुरलेले. भाजीवाली म्हणू नका, पोस्टमन म्हणू नका, कोणाशी म्हणून त्याचे पटले नाही. आणि आता तीच माणसे गुळासारखी गोड झाली होती. अंबा गेल्यावर तो वासुकीला म्हणाला, “कांहींही बोललों तरी आमा, आमा, होय होय म्हणून मान हलवतात. मी मेलों म्हणून यांनीं आधींच ठरवलें कीं.”

मरण वासुकीला टाळता येणार नव्हते, पण जिवंतपणी त्याला असे मेल्यात जमा केलेले तिला बघवेना. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या राममूर्तीच्या दारात जाऊन उभी राहिली. त्याच्या माडाच्या झावळ्या भिंतीवरून यांच्या अंगणात पडत, आणि त्यावरून दोघांचे असे बिनसले होते की लग्नकार्याची आमंत्रणेसुद्धा बंद झाली होती.

“भावजी,” ती म्हणाली, “यांना बघायला येऊं नका. भांडायला या.”

संध्याकाळी राममूर्ती धुतलेली वेष्टी नेसून, छाती काढून आला. पण खाटेवर चादरीखाली माणूस असा उरलाच नव्हता. त्याचा सगळा आवेश गळाला.

“गुरुराज, तो माड तोडून टाकतों बाबा. उद्यांच माणूस बोलावतों.”

गुरुराजने डोळे मिटले. “तूं पण,” एवढेच म्हणाला आणि भिंतीकडे वळू लागला.

दारातून वासुकीने राममूर्तीकडे असे पाहिले की तो चपापला. त्याने घसा खाकरला. “तोडतों. पण आधीं तूं ही भिंत पाड. माझ्या जागेंत आलीय ती.”

मग गुरुराज म्हणाला, “वासुकी, पाठीला उशी दे. हा खोटें बोलतो.”

त्यानंतर राममूर्ती रोज येऊ लागला. साक्षी झाल्या, मोजणी झाली, दोघांच्या आजोबांचा उद्धारही झाला. भांडता भांडता गुरुराज दोन घास दहीभात खाई आणि उद्याचा मुद्दा घोळवत झोपी जाई. गल्लीत मात्र राममूर्तीची छी-थू झाली. मरणाच्या दारातल्या माणसाशी वाद घालतो, याला काळीज आहे की दगड, असे लोक म्हणत. केबलवरच्या मालिका सोडून बायका तेच चघळू लागल्या. मी खरे काय ते सांगू का, असे वासुकीने विचारले तेव्हा राममूर्ती नको म्हणाला. ते गुरुराजच्या कानावर गेले तर केस तिथेच बुडाली असती.

पोंगल तोंडावर आला असताना एका सकाळी गुरुराज गेला. आदल्या संध्याकाळी त्याला बोलवत नव्हते. त्याने नुसते बोट हलवून तारीख पुढे ढकलली होती.

तिरडीला हिरव्या झावळ्या लागतात. बाजारात निघालेल्यांना राममूर्तीने थांबवले, आपल्याच माडावर माणूस चढवला आणि कोयता घेऊन गुरुराजच्या अंगणात मांडी घालून बसला. पहिली झावळी धप्पकन भिंतीच्या अलीकडे पडली.

वासुकीने सवयीने खोलीच्या खिडकीकडे पाहिले. राममूर्तीही मान वर करून तिकडेच बघत होता. आतून कोणी ओरडले नाही. मग त्याने झावळी पुढ्यात ओढली आणि मधोमध चिरायला घेतली.