साडेतीन एमबीतला श्वास

हुडको वसाहतीच्या सभागृहात पेन ड्राइव्हला हार घातला होता, आणि माणसं त्याला वाकून नमस्कार करत होती. पेन ड्राइव्ह पितळी वाटीखाली ठेवला, की त्यातलं साडेतीन एमबीचं गाणं पंचवीस एमबीचं होऊन निघायचं.

"एमपीथ्री म्हणजे मुर्दा," नादगुरू चिंतामणी पडद्यावरच्या आकड्याकडे बोट करायचे. "वजन वाढलं, म्हणजे आत्मा वापस आला." पूर्वी गुरूंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा ते प्राण बॅटरीत भरत.

फिजिक्स शिकवणारी प्रेरणा आई कमलाबाईंच्या मागे रांगेत उभी होती. त्यांच्या मुठीतल्या पेन ड्राइव्हमध्ये वारलेल्या नवऱ्याचं एकुलतं एक गाणं होतं. माणिकराव पोलादाच्या प्लांटात क्रेन चालवायचे, वैशाली नगरच्या बुद्धविहारात गायचे. शेवटच्या वर्षी अंतऱ्याआधी त्यांना दम घ्यावा लागे. कमलाबाईंना तो श्वास हवा होता.

गाणं वाटीखालून निघालं, दणक्यात वाजलं. कमलाबाई रडायला लागल्या. "आयकला वो मी. दम घेतला त्यायनं."

"आई, यानं फक्त आवाज वाढवला."

"मॅडम, कानाले डिग्री नाही लागत," शेजारच्या सुनिताबाई म्हणाल्या. रांग हसली.

प्रेरणाने लॅपटॉप उघडला. जुनी आणि नवी फाइल घेतली, दोन्हींचा आवाज सारखा केला, एकीची लाट उलटी करून दुसरीत मिसळली. "दोन्हीत जे सारखं, ते एकमेकाले खोडते. गुरुजीनं भरलं तेवढंच आता आयकू येईन."

तिने ते वाजवलं. साडेतीन मिनिटं सगळ्यांनी सभागृहाचा पंखा ऐकला.

"लॅपटॉप में वायरस है," गुरू म्हणाले आणि वाटी पुसू लागले.

"अर्धी भाकर मोठ्या डब्यात ठेवली त डबा जड होते, भाकर नाही वाढत," प्रेरणा म्हणाली. "फाइल लहान करताना कापलं ते गेलं. कोणीच वापस नाही आणत."

"कापलं कोणं?" कमलाबाईंनी विचारलं.

प्रेरणाने लॅपटॉप मिटला. "मी. तुह्या मोबाइलात जागा नव्हती. ग्रुपवर पाठवाले लहान केलं, अन् मोठं डिलीट केलं."

"मंग आत्ता मी आयकलं ते?"

"तुले आठवते, आई. म्हणून आयकू आलं."

कमलाबाईंनी पेन ड्राइव्ह पदराच्या टोकाला बांधला आणि मागच्या बायांकडे वळल्या.

"घरी जा वो. मोठी फाइल असन त सांभाळा. अन् गेलेलं भरून देतो म्हणे कोणी, त त्याले पहिले पुसा, आणलं कुठून?"

लेकीकडे न पाहता त्या दाराकडे निघाल्या.