काकांचं वजन

अग्निशमन केंद्राच्या फळ्यावर वार्षिक चाचणीची तारीख लागली, तेव्हा शिडी दुसऱ्यांदा नाश्ता करत होता.

शिडी हे त्याचं खरं नाव नव्हे. एकोणीस वर्षं प्रत्येक आगीत शिडीवर पहिला पाय त्याचा पडला, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणू लागले. अलीकडे त्या पायाच्या आणि शिडीच्या मध्ये पोट यायला लागलं होतं, पण नाव तेच राहिलं. नाव काही फुगत नाही.

चाचणी साधी होती. केंद्राच्या अंगणात सरावाचा मनोरा होता आणि त्याच्या दुसऱ्या मजल्यावर काका निजलेले असत. काका म्हणजे जाड कॅनव्हासचा, आत वाळू भरलेला, पंच्याहत्तर किलोंचा माणूस. अंगात जुना कोट, चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. त्यांच्या काखेत हात घालून उचलायचं, जिन्याने खाली आणायचं आणि अंगणाच्या टोकाला असलेल्या पांढऱ्या रेघेपलीकडे ओढत न्यायचं, तीन मिनिटांच्या आत. गेल्या वर्षी शिडीने हे दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांत केलं आणि रेघ ओलांडून काकांच्या शेजारीच आडवा झाला. "यातल्या कोणाला वाचवायचं?" असं बंबाच्या चालकाने विचारलं होतं. ते अजून विचारलं जात होतं.

या खेपेला मॅडमनी, म्हणजे केंद्रप्रमुखांनी, आधीच सांगून टाकलं. "तीन मिनिटांच्या वर एक सेकंद गेला, की नियंत्रण कक्षात फोनवर. घाबरू नका, तिथली खुर्ची चांगली आहे."

खुर्ची चांगली आहे हे ऐकून शिडीने नाश्त्याची बशी बाजूला सरकवली. फोनवरच्या माणसाला आगीची बातमी सगळ्यांच्या आधी कळते, आणि आगीपर्यंत तो कधीच पोचत नाही.

घरी बायको शिलाई मशीनवर बसली होती. शाळांचे गणवेश, केंद्रातले फाटके कोट, सगळं तिच्याकडे यायचं. तिने मान वर न करता ऐकून घेतलं.

"सहा आठवडे आहेत ना? रोज सकाळी मनोऱ्याचे जिने चढा. आणि रात्रीचं दुसऱ्यांदा वाढून घेणं बंद करा."

"अगं, ते जुनं झालं. आता सगळं प्रोटीनवर असतं."

"कोण म्हणालं?"

"तुझाच भाऊ."

बायकोने दोरा तोडला. भावाविषयी तिचं मत असं होतं, की तो मनाने फार चांगला आहे. त्यापुढे ती काही बोलत नसे.

भाऊ व्यायामशाळेत शिकवायचा. त्याचे दंड इतके भरले होते की हात अंगालगत टेकत नसत; सतत कोणाला तरी मिठी मारायला निघाल्यासारखा दिसायचा. दुसऱ्या दिवशी तो बादलीएवढा पावडरचा डबा घेऊन आला.

"दाजी, शेक. दिवसातून दोनदा. आणि प्रोटीन बारच्या नादी लागू नका. बार म्हणजे कसरतीचे कपडे घातलेलं चॉकलेट."

केंद्रात चालकाला हे कळलं तेव्हा तो बंबाच्या पायरीवरून खाली उतरला. एरवी तो आगीशिवाय उतरत नसे.

"शेक? भोंगा वाजला की काय करणार, बाटली हलवत बसणार? बार बघ, खिशात मावतो. मी तीन महिने बारवर आहे."

"तू कसली चाचणी देतोस? तू गाडी चालवतोस."

"म्हणूनच तटस्थपणे सांगतोय."

त्या दिवसापासून केंद्रात दोन पंथ झाले. शेकवाले बारवाल्यांना गोडघाशे म्हणत, बारवाले शेकवाल्यांना दूधपिते. वेष्टनांवरच्या बारीक अक्षरांचं पारायण व्हायला लागलं. किती ग्रॅम, साखर कुठली, चरबी कसली, कसरतीच्या आधी की नंतर. वाद ऐन रंगात यायचा तो सकाळी सहा ते सातमध्ये, म्हणजे जी वेळ मनोऱ्याचे जिने चढायची होती तीच. नेम म्हणजे काय, तर रोज, त्याच वेळी आणि न बोलता करायची गोष्ट. इथे फक्त बोलण्याचा नेम चुकत नव्हता.

शेवटी शिडीनेच तोडगा काढला. तीन आठवडे शेक, दोन आठवडे बार. रोज एकदा काकांना ओढायचं आणि वेळ भिंतीवर खडूने लिहायची. शेवटचा आठवडा विश्रांती. जो जिंकेल तो खरा.

शेकचे तीन आठवडे कठीण गेले. पिठाच्या गुठळ्या घशात अडकायच्या. एकदा बाटली हलवता हलवता भोंगा वाजला, बाटली तशीच बंबात गेली, वळणावर झाकण निघालं आणि आठ माणसं व्हॅनिलाचा वास घेऊन एका जळत्या गोदामात शिरली. शेक जेवणाऐवजी घ्यायचा की जेवणासोबत, हे मेहुण्याने नीट समजावून सांगितलं होतं. पण ते ऐकताना शिडी जेवत होता. भिंतीवर तीन मिनिटं दहा, तीन बारा, तीन चौदा असे आकडे चढले.

घरच्या वजनकाट्यावरही चढले. अठ्ठ्याऐंशीचे एक्याण्णव झाले.

"काटा बिघडलाय," शिडी म्हणाला आणि त्याने काटा पायाने पलंगाखाली सरकवला.

"मशीनच्या तेलाचा डबा पाच किलोचा आहे. काट्यावर ठेवला तर पाचच दाखवतो," बायको म्हणाली.

"डब्यांचं बरोबर दाखवत असेल. माणसांचं नाही."

मग बार सुरू झाले आणि चमत्कार झाला. पहिल्या दिवशी तीन मिनिटं पाच. तिसऱ्या दिवशी दोन पंचावन्न. आठवड्याने दोन चव्वेचाळीस. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोन एकतीस! चालक खडू हातात घेऊन भिंतीपाशी उभाच राहिला, जणू आकडा त्याचा होता. एकेक शेकवाला गुपचूप बारकडे आला. मेहुण्याला फोन गेला. पलीकडून उत्तर आलं, "दाजी, हा शेकचाच साठलेला परिणाम आहे."

त्याच दुपारी बायको शिवलेले कोट द्यायला केंद्रात आली. मनोऱ्याच्या पायऱ्यांवर तिची चप्पल करकरली. तिने खाली पाहिलं. दुसऱ्या मजल्यापासून थेट पांढऱ्या रेघेपर्यंत वाळूची बारीक, सरळ ओळ गेली होती. ती ओळीच्या उगमापर्यंत गेली. काकांची डावी काख उसवली होती.

खाली शिडी सहा जणांना घेऊन बसला होता. "बार चावावा लागतो, हे लक्षात घ्या. चावलं की मेंदूला कळतं..."

"अहो, काकांची काख उसवलीय. वाळू सांडतेय."

"हो, हो. मग शीव की," तो म्हणाला आणि मेंदूकडे परत गेला.

संध्याकाळी त्यानेच काकांना घरी आणलं. चार मजले, एका खांद्यावर टाकून, शीळ घालत. दारात उभा राहून म्हणाला, "बघ. घाम तरी आलाय का?"

बायकोने पलंगाखालून काटा ओढला आणि काकांना त्यावर बसवलं. मग खाली वाकून आकडा वाचला.

"अठ्ठेचाळीस."

"काय अठ्ठेचाळीस?"

"काका. पंच्याहत्तर असायला हवेत."

शिडी मायेने हसला. "अगं, तो काटा बिघडलाय हे आपलं ठरलंय ना? मला एक्याण्णव दाखवणारा काटा काकांना बरोबर कसा दाखवेल?"

"सत्तावीस किलो वाळू तुमच्या अंगणात सांडलीय."

"आणि माझ्या दंडात सत्तावीस किलो जोर आलाय, तो दिसत नाही तुला."

बायकोने मशीनवर जाडी सुई चढवली. काख दुहेरी शिवली, काका केंद्रात परत गेल्यावर स्वतः उभं राहून वाळू भरून घेतली, आणि मॅडमनी नियमाप्रमाणे केंद्राच्या मोठ्या काट्यावर त्यांचं वजन केलं. पंच्याहत्तर. शिडी तेव्हा तिथे नव्हता. विश्रांतीचा आठवडा चालू होता. वेष्टनावर छापलं होतं, स्नायू विश्रांतीत वाढतात. शिडी अगदी मन लावून वाढत होता.

चाचणीच्या सकाळी त्याने एक बार आधी खाल्ला आणि एक विजयासाठी कोटाच्या खिशात ठेवला. मेहुणा आला होता, चालक बंबाच्या पायरीवर होता, मॅडमच्या हातात घड्याळ होतं. शिडी दोन-दोन पायऱ्या घेत वर गेला. काकांच्या काखेत हात घातले, आणि उचललं.

काका हलले नाहीत.

त्याने पुन्हा जोर लावला. काका जरा उठले, त्याच्या छातीवर रेलले आणि दोघे मिळून भिंतीवर आदळले. खाली सगळ्यांना धाप ऐकू येत होती. काकांची तर नक्कीच नव्हती. पहिला मजला उतरेपर्यंत दीड मिनिट गेलं. अंगणात त्याने चार ठिकाणी थांबून काकांच्या नसलेल्या तोंडाकडे पाहिलं. रेघ ओलांडली तेव्हा कोणी थट्टाही केली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"तीन एकेचाळीस," मॅडम म्हणाल्या. "तीन महिन्यांनी एक संधी देते. तोवर फोन."

"मी सांगत होतो, बारने घात केला," मेहुणा म्हणाला.

"आधी तीन आठवडे शेक ढोसला, त्याचा हा गाळ," चालक म्हणाला.

"दोन्ही एकत्र घेतलं असतं तर?" मेहुण्याने विचार करत म्हटलं. "बार शेकमध्ये बुडवून?"

चालकाने पहिल्यांदाच त्याच्याकडे आदराने पाहिलं.

शिडीने खिशात हात घातला. विजयाचा बार त्याच्या आणि काकांच्या मध्ये चेपून, वितळून अस्तराला चिकटला होता. तिसऱ्याच दिवशी भोंगा वाजला. शिडीने पत्ता लिहून घेतला, मोठ्याने वाचून दाखवला, आणि काचेतून बंब जाताना पाहिला. शिडीवर पहिला पाय आता दुसऱ्याचा पडणार होता. खुर्ची खरंच चांगली होती.

त्या संध्याकाळी बायकोचा निरोप आला. काकांना घरी घेऊन या, शिवायचंय.

तो चार मजले चढला. प्रत्येक वळणावर काकांना कठड्याला टेकवून शेजारी बसला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दोघांनाही पाणी हवंय का, असं विचारलं. दारापाशी पोचला तेव्हा त्याचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. बायकोने काटा मधोमध मांडून ठेवला होता. तो त्यावर चढला. ब्याण्णव. त्याने उतरून काकांना बसवलं. पंच्याहत्तर.

"बरोबर दाखवतोय," तो म्हणाला.

"हं."

"सकाळी न्यायचेत ना खाली?"

"सकाळी खाली, संध्याकाळी वर. तीन महिने." तिने त्याच्यासमोर ताट ठेवलं. एकदाच वाढलेलं. "मॅडमना विचारलंय मी."

शिडीने काकांना उलटंपालटं करून पाहिलं. दोन्ही काखा, मान, पाठ. सगळे टाके शाबूत होते.

"अगं, पण हे उसवलंय कुठे?"

"काका?" ती मशीनकडे वळत म्हणाली. "काका कुठेच नाही उसवलेत."

आणि तिने गणवेशाची पुढची बाही सुईखाली घेतली.