तिकिटामागची नावं

मस्तकात तिडीक गेली माझ्या! वाघमाळच्या बंद स्टेशनापुढं गावानं नवा फळा उभा केलाय, 'आमच्या स्टेशनाचा इतिहास' म्हणून. आन् त्याची शेवटची ओळ काय, तर 'तिकीटवाला हनुमंत याच्या कामचुकारपणामुळे विक्री घटली व स्टेशन बंद झाले.'

हनुमंत म्हंजी माझा बाप, आमचे दादा. मेलेल्या माणसाच्या नावानं बोंबा मारायला काय जातंय? कारेगावच्या कंपनीत रजा टाकली, घरातला जुना पत्र्याचा डबा उचलला आन् थेट फळ्यापाशी गेले. पेंटर नवनाथ अजून अक्षरं गिरवत हुता. शेजारी सरपंच बबनराव खुर्ची टाकून बसलेले.

"पुसा ती ओळ," मी म्हणलं.

"अगं करुणा," बबनराव म्हणाले, "रेल्वेचाच कागद हाय. तिकिटं खपली न्हाईत म्हणून बंद केलं."

"का खपली न्हाईत, आप्पा? 'गावची गाडी, तिला कसलं तिकीट' म्हणत दौंडच्या बाजाराला फुकट कोण जायचं? दादांनी खिडकीतनं हाक मारली की 'तू आमाला तिकीट मागणार व्हय रं?' कोण म्हणायचं?"

"पुरावा हाय का?"

डबा त्यांच्या मांडीवर पालथा केला. पुठ्ठ्याची तिकिटं, ढीगभर, वाघमाळ ते दौंड. सगळी न वापरलेली.

"विक्री पडली की स्टेशन जाणार, हे दादांना ठाऊक हुतं. म्हणून फुकट्यांची तिकिटं पदरच्या पैशानं घ्यायचे. पैसा सरला तवाच विक्री पडली. आई शिव्या घालायची. आमी पोरी मीठ-भाकरी खायचो. उलटून बघा की!"

मागं शिसपेन्सिलीनं नाव आन् तारीख. बबनरावांनी पहिलं उलटलं, त्यांचंच निघालं. दुसरं बी त्यांचंच. तिसऱ्याला त्यांनी हात लावला न्हाई.

"जुनं कशाला उकरतीस, पोरी?"

"मी उकरते? फळा कुणी लावला?"

नवनाथनं खाली पडलेलं एक तिकीट उचललं. त्यावर सावळाराम, त्याच्या वडलांचं नाव. पोराचं तोंडच उतरलं. त्यानं चिंधी रॉकेलमधी बुडवली आन् कुणाला न विचारता ती ओळ पुसून टाकली.

"आता तिथं काय लिहू, ताई?"

"ही नावं लिही. तुझ्या वडलांचं बी."

त्यानं मान हलवली आन् ब्रश उचलला. बबनराव खुर्ची सरकवून उठायला लागले.

"बसा, आप्पा," मी म्हणलं. "तुमची लई हायेत."