सीडीवरचा ठिपका

लीलाधरने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पंखा घरघरला, आतली सीडी जराशी फिरली आणि थांबली. काळ्या पडद्यावर तीच ओळ आली: सिस्टिम डिस्क घाला.

“घातली तर आहे,” तो पुटपुटला.

खाटेवर वाती वळत बसलेल्या शेवंताबाईंनी मान वर केली. “काय म्हनते ते?”

“सीडी वाचत नाही, अक्का. आधी सीडीच बघ, असं मशीनला सेटिंगमध्ये सांगितलंय. तरी नाही.”

“धुळ्याहून इतका शिकून आला, अन् एक तबकडी फिरवता येत नाही तुले.”

तो हसला नाही. मशीन त्याच्या मित्राचं, शेवंताबाईंच्या मुलाचं, पितांबरचं. पितांबर जाऊन वर्ष उलटलं होतं. जुनी विंडोज पार बसली होती. पितांबरने मागवलेली, विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी तेवढी ट्रेमध्ये राहिली होती. मशीन सुरू झालं तर सावद्याच्या या घरात, ओसरीवर, पितांबरच्या बायकोचा, सुनंदाचा, टायपिंगचा क्लास निघणार होता. नाही झालं, तर रविवारी तिचा भाऊ तिला चोपड्याला कायमची घेऊन जाणार होता.

सुनंदा चौकटीला धरून उभी होती. कपाळ मोकळं.

लीलाधरने ट्रे उघडला, सीडी उलटी केली. चकचकीत बाजूवर, मधल्या भोकाला लागूनच, लाल ठिपका वाळून बसला होता.

“हे कुंकू कोणी लावलं?”

चौकटीवरचा हात खाली आला.

“आन इकडे,” शेवंताबाई म्हणाल्या.

दसऱ्याला विळा, फावडं, विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर आणि हे मशीन त्यांनीच पुजलं होतं. पण बोट बाहेरून डब्याला टेकवलं होतं. यातून ट्रे बाहेर येतो, हेसुद्धा त्यांना आज कळत होतं. त्यांनी सीडी डोळ्यांसमोर धरली. तीत त्यांचा चेहरा दिसला. सुनेच्याही कितीतरी वर्षं आधी मोकळं झालेलं कपाळ दिसलं. हात किंचित हलला, तसा ठिपका दोन भुवयांच्या मधोमध आला. हात तिथेच थांबला.

मांडीवरचा कापूस खाली घरंगळला.

“मीच लावलं,” त्या म्हणाल्या. “दसऱ्याले. अवजारायले लावतोच ना आपण?”

“आतून नसतं लावायचं, अक्का.”

“मले काय ठाऊक? आमच्या औताले आत-बाहेर नव्हतं. पूस आता.”

त्याने ओल्या मऊ फडक्याने मधून कडेकडे सीडी पुसली, कोरडी केली, आत सरकवली. या वेळी ती थांबली नाही. पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. सुनंदाने तिकडे पाहिलंच नाही. ती सासूकडे पाहत होती.

शेवंताबाई उठल्या. देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आतल्या खोलीत गेल्या, आणि सुनेला हाक मारली. भिंतीवरच्या आरशाखाली फळीवर त्यांनी करंडा ठेवला.

“तोंड पाह्याले घरात आरसा हाये,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मशीन कायले बिघडवते तू?”

आणि बाहेर निघून गेल्या. करंड्याचं झाकण त्यांनी उघडंच ठेवलं होतं.