हाताला यश

अकरा दिवसांत आठांपैकी सात मासे मेले, आणि ते अकराही दिवस पाण्याची प्रत्येक चाचणी निर्दोष आली.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सामू ८.२, तापमान सव्वीस अंश. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. टाकीतले खारे पाणी आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून मी स्वतः तयार केले होते आणि मासे सोडण्यापूर्वी टाकी सहा आठवडे रिकामी चालवली होती.

टाकी आप्पांसाठी होती. माझे वडील, केरबा, शिरोली एमआयडीसीत एकतीस वर्षे टर्नर होते, लेथ यंत्रावर धातू कातणारे. मागच्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. चालणे-बोलणे परतले, पण उजवा हात थरथरत राहिला आणि लेथ सुटली. माशांना चिमूटभर खाद्य घालण्याचे काम मी मुद्दाम त्यांना दिले होते. आता त्यांनी खाद्याची डबी माझ्याकडे सरकवली.

"तूच घाल, दीक्षा. माझ्या हाताला यश न्हाय ऱ्हायलं."

"खाद्य जास्त झालं असतं तर अमोनिया वाढला असता, आप्पा. वाढला न्हाय."

शेजारच्या धोंडुबाईंचे निदान वेगळे होते. "समुद्राचं जनावर ते, पंचगंगेच्या गावात कसं रमंल? अन् सुतक आल्यागत बसलाय बापलेक! गप्पी मासं पाळायचं की, डास तरी खात्यात."

बाराव्या दिवशी मी टाकीत एक कोळंबी सोडली. ती चार तासांत मेली. उरलेला आठवा मासा मात्र जिवंत होता. माशाआधी कोळंबीला मारणारे विष म्हटले की पहिला संशय तांब्यावर जातो, आणि घरच्या चाचणीसंचात तांब्याची चाचणीच नव्हती. मी नमुने प्रयोगशाळेत नेले. टाकीच्या पाण्यात तांबे लिटरला ०.८ मिलिग्रॅम निघाले, ताज्या कालवलेल्या खाऱ्या पाण्यात शून्य.

म्हणजे तांबे टाकीतच मिसळत होते. घरी येऊन मी टाकीचे कपाट भिंतीपासून ओढले. पंपाच्या नळीवर जिथे मी प्लॅस्टिकची जोडणी बसवली होती, तिथे गनमेटल या मिश्रधातूचे कपलिंग होते. कडेला हिरवट झाक आली होती.

आप्पा दारात उभे होते.

"गळत हुतं," ते म्हणाले. "तू गडहिंग्लजला नमुनं घ्यायला गेलतीस तवा. वर्कशॉपवाल्या संग्रामच्या लेथवर केलं. प्लॅस्टिकचा काय भरवसा? दोन पीस वाया गेलं, तिसरं जमलं. तुला दावणार हुतो, पर मासं मराय लागलं."

झटक्यानंतर त्यांनी घडवलेली ही पहिली वस्तू होती. मिठाचे पाकीट खराब निघाले, असे सांगणे शक्य होते. त्यांनी विश्वासही ठेवला असता. पण मग त्यांच्या लेखी हात कायम संशयित राहिला असता.

"आप्पा, गनमेटलमध्ये बहुतेक तांबंच असतं. खाऱ्या पाण्यात ते उतरतं. मासं त्यानं मेलं."

ते कपाटाशी येऊन वाकले. "म्हंजे माझ्यामुळंच."

"धातू चुकला, हात न्हाय. गळतंय का बघा की."

त्यांनी कपलिंगखालून बोट फिरवले आणि उजेडात धरले. बोट थरथरत होते, कोरडे होते.

"एक थेंब न्हाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "संग्रामकडं नायलॉनचा रॉड हाय. उद्या जातो."

आठवा मासा आम्ही ताज्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत हलवला. डबी आप्पांनी स्वतःच उचलली. दोन दाणे बादलीबाहेर पडले.

वहीत मी लिहिले: मृत्यूंचे कारण, पंपाच्या नळीवरील गनमेटलच्या कपलिंगमधून खाऱ्या पाण्यात उतरलेले तांबे. खाद्य घालण्यात दोष नाही. कपलिंगला गळती नाही.