आत रावसाहेब आहेत

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा. कांद्यांचा वास येतोय खरा, पण कांदे आता माझ्यात नाहीत. मी प्रवासाचा पिंजरा आहे. करड्या प्लास्टिकचा, पुढे लोखंडी जाळीचं दार असलेला. नारायण पेठेतल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी माझा मुक्काम आहे. विमानात बसायला जन्मलो आणि गॅलरीत जुना झालो. असं का झालं, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं, खालचा भाग निराळा, वरचा निराळा, आणि मग स्क्रू पिळून दोघांचा एक केला. तिथून आलो पुण्यात, पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात. तिथे पोपटांच्या पिंजऱ्यांवरच्या फळीवर मला ठेवलं होतं. पोपट दिवसभर बडबडायचे, आणि मी रिकामा. रिकाम्या पिंजऱ्याला काय हो किंमत? आपल्यात कोणी तरी यावं, एवढंच मला वाटायचं.

एक दिवस एक आजोबा आजींना घेऊन दुकानात शिरले. आजोबांच्या हातात शिवणकामाची टेप होती. त्यांचं नाव यज्ञेश्वरराव, निवृत्त शिक्षक. आजींचं नाव कुसुमताई. त्यांचा मुलगा आमोद नोकरीसाठी जर्मनीत गेला, त्याला चार वर्षं झाली होती. ईस्टरच्या सुटीत त्यानं दोघांना तीन आठवडे बोलावलं होतं. यज्ञेश्वररावांनी फोनवर ठणकावून सांगितलं होतं, "रावसाहेब येणार असतील तरच मी येतो."

रावसाहेब म्हणजे त्यांचा कुत्रा. अस्सल देशी, तांबूस रंगाचा, मोठ्या कानांचा. पिल्लू असताना तो नदीपात्रात एका दगडावर एकटाच बसला होता, तोही असा ऐटीत, की यज्ञेश्वरराव म्हणाले, "काय रावसाहेब, कोणाची वाट बघताय?" आणि तो उठून त्यांच्या मागोमाग घरी आला. तेव्हापासून घरात त्याला 'आपण' म्हणायची पद्धत पडली.

यज्ञेश्वररावांनी टेप लावून मला आतून-बाहेरून मोजलं. दुकानदार म्हणाला, "काका, याच्या वरचा साइज घ्या. मोठा बरा."

"कोणाला बरा? कुत्र्याला की तुमच्या गल्ल्याला?"

कुसुमताई हळूच म्हणाल्या, "अहो, वाढत्या अंगाचा घ्या. दोन बोटं जास्त असलेली बरी."

"कुसुम, रावसाहेब आठ वर्षांचे आहेत. आता वाढायचं काय राहिलंय त्यांचं? जन्मभर भूमिती शिकवली मी. मापं घेऊन आलोय."

मापं कशी घेतली, ते मला पुढे कळलं. कुसुमताईंनी टेप धरली होती, आणि रावसाहेबानं हलू नये म्हणून यज्ञेश्वररावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. तो त्यांचा नेहमीचा हात. कपाळावरून निघायचा, दोन्ही कानांवरून मानेपर्यंत जायचा. हात फिरला की कान मागे पडायचे, डोळे मिटायचे. माप घेतलं, ते तसं. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी खुशीत रिक्षात बसलो.

घरी माझी काय बडदास्त ठेवली, म्हणून सांगू! कुसुमताईंनी आपल्या जुन्या सुती साडीची गोधडी शिवून माझ्यात अंथरली. दसऱ्याला मला पुसून झेंडूची माळ घातली. यज्ञेश्वररावांनी सुवाच्य अक्षरात एक पाटी लिहून माझ्या दारावर चिकटवली: 'आत रावसाहेब आहेत. हळू उचलावे. ते चावत नाहीत, मालक चावतात.' खाली त्यांचा पुतण्या केदार यानं तेच इंग्रजीत लिहिलं. तो म्हणाला, "काका, एअरपोर्टवर तुमचे पुणेरी टोमणे कोण वाचणार?"

मग शिकवणी सुरू झाली. विमानात रावसाहेबाला बराच वेळ माझ्यात एकट्यानं बसायचं होतं. यज्ञेश्वरराव त्याला आत बसवायचे, दार लावायचे आणि म्हणायचे, "येतो हं, रावसाहेब." आणि निघून जायचे. आपल्याकडे बाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. या घरात तर कुसुमताई ते तोंडातून निघूच द्यायच्या नाहीत. पहिल्या दिवशी यज्ञेश्वरराव नुसते जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. मग दूध आणायला गेले आणि परत आले. मग भाजी, मग बँक, मग बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीला. दर वेळी परत आले. सुरुवातीला रावसाहेब कुंई कुंई करायचा. पुढे 'येतो हं' ऐकलं की गोल फिरायचा, गोधडी उकरायचा आणि अंगाचं मुटकुळं करून झोपायचा. पुढे तर दुपारी दार उघडं असलं तरी आपणहून माझ्यात येऊन पडायला लागला. त्याच्या पोटाची ऊब माझ्या तळाला लागायची. मित्रांनो, तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

बाकीची तयारीही चोख झाली. मानेत ओळखीची चिप बसली, सुया टोचून झाल्या, रक्ताची तपासणी झाली आणि तिच्यानंतर तीन महिने थांबायचा नियमही पाळून झाला. कुसुमताईंनी रावसाहेबासाठी हिरवा स्वेटर विणला. निघायच्या सकाळी इमारतीतले सगळे खाली जमले. तळमजल्यावरचे रंगनाथ म्हणाले, "कमाल आहे! आम्ही अजून लोणावळ्यापुढे गेलो नाही, आणि कुत्रं चाललंय जर्मनीला."

"त्यांनी कधी शेजाऱ्यांच्या दारात चौकशा केल्या नाहीत," यज्ञेश्वरराव म्हणाले. "पुण्य लागतं."

केदारच्या गाडीतून आम्ही मुंबईच्या विमानतळावर पोहोचलो. भर दुपारची वेळ होती. ढकलगाड्यांचा खडखडाट, कुठूनतरी येणाऱ्या घोषणा, माणसंच माणसं. मला एका काट्यावर ठेवलं. काउंटरवरच्या मुलीनं वाकून माझ्यात पाहिलं.

आणि रावसाहेब उठून उभा राहिला. ताठ. त्याचे कान उभे झाले.

घरात त्याच्या कानांना असं उभं राहायचं कारणच पडलं नव्हतं. तिथे कायम कोणाचा तरी हात त्याच्या डोक्यावर असायचा, आणि माझ्यात तो आला की झोपायचाच. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या कानांची टोकं माझ्या छताला लागली. मऊ होती. थरथरत होती.

ती मुलगी म्हणाली, "सर, कान वर टेकतायत. नियमात बसत नाही. पिंजरा लहान आहे."

"लहान कसा असेल? मी स्वतः मोजलाय. अहो बाई, ते घाबरलेत म्हणून कान उभे आहेत. एरवी नसतात."

"सर, विमानात ते घाबरणारच ना?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. यज्ञेश्वररावांनी जाळीतून हात घातला, पण तो रावसाहेबाच्या कानांपर्यंत पोहोचेना.

केदार फोनवर फोन लावत होता. "काका, एक मिनिट, कुठेतरी मोठा क्रेट मिळेल, मी बघतो." तो मिळाला नाही. काउंटर बंद व्हायची वेळ आली.

यज्ञेश्वरराव म्हणाले, "कुसुम, तू जा. मी रावसाहेबांना घेऊन परत जातो."

बघा, त्यांच्या तोंडून 'जातो' निघालं. कुसुमताईंनी टोकलं नाही. त्यांच्या हातात आमोदसाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा होता. त्या कधी एकट्या विमानात बसल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "चार वर्षं झाली हो त्याला बघून. आपण दोघं दिसू, असं त्याला सांगितलंय."

यज्ञेश्वररावांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. केदार म्हणाला, "काका, तुम्ही निघा. पुण्यात धायरीला कुत्रे ठेवायची एक चांगली सोय आहे, मोकळं अंगण वगैरे. तीन आठवडे तर आहेत, चुटकीसरशी जातील."

मग यज्ञेश्वरराव गुडघे टेकून माझ्या दारापाशी बसले. सगळ्यांदेखत. आणि म्हणाले, "येतो हं, रावसाहेब."

ते दोन शब्द ऐकले मात्र, रावसाहेबाचे कान खाली आले. तो गोल फिरला, गोधडी उकरली आणि झोपला. त्याचं डोकं आणि माझं छत यांच्यात पुन्हा चांगलं दोन बोटं अंतर पडलं. पण आता ते कोण मोजणार होतं?

धायरीच्या त्या जागेत गोदाबाई नावाच्या बाई कुत्र्यांचं खाणंपिणं बघायच्या. फार मायेच्या. त्यांनी माझं दार सताड उघडलं, तरी रावसाहेब बाहेर येईना. दोन वेळा अंगणात जाऊन यायचा, की परत माझ्यात. 'येतो हं' म्हटल्यावर आतच थांबायचं असतं, हे तो शिकला होता. चांगलं शिकवलं होतं त्याला! भाजीला लागतो तेवढा वेळ गेला. बँकेला लागतो तेवढा गेला. तरी तो कान पाडून निवांत होता.

"लई शहाणं हाय बाई हे कुत्रं," गोदाबाई सगळ्यांना सांगायच्या. "पर खात न्हाई काय. खा की रं, मालक येत्यात तुजं."

बरेच दिवस असे गेले. मग एका सकाळी केदारनं गोदाबाईंच्या फोनवर जर्मनीशी बोलणं जुळवून दिलं. फोनमधून आवाज आला, "रावसाहेब! अहो, रावसाहेब!"

रावसाहेब उडी मारून बाहेर गेला. फोन हुंगला. फोनच्या मागे गेला, गोदाबाईंच्या मागे गेला, फाटकापाशी गेला, परत आला. आवाज होता, माणूस नव्हता. फोन बंद झाला. तो अंगणाच्या मधोमध बसला, कान उभे करून. माझ्यात काही परतला नाही. गोदाबाईंनी गोधडी बाहेर आणून घातली, तेव्हा तिच्यावर टेकला.

तीन आठवडे संपले. यज्ञेश्वरराव पुण्यात उतरल्यावर घरी न जाता आधी धायरीला आले. मला वाटलं, आता रावसाहेब यांना पाडतोच! पण नाही. तो उठला, शेपूट हलवली, हात हुंगला. पाहुण्यांशी वागावं, तसा मानानं वागला. यज्ञेश्वररावांनी कपाळावरून मानेपर्यंत हात फिरवला. कान खाली गेले. हात उचलला, आणि कान पुन्हा उभे.

त्यानंतर ते तसेच राहिले. घरातसुद्धा. यज्ञेश्वरराव चपला घालायला लागले की रावसाहेब उंबऱ्यात आडवा उभा राहायचा. भुंकायचा नाही, नुसता बघायचा. 'येतो हं' म्हटलं तर अंग चोरायचा. मग यज्ञेश्वररावांनी ते म्हणायचंच सोडलं, आणि हळूहळू बाहेर जायचंही. दूध केदार आणून द्यायला लागला.

कुसुमताई केदारला तिकडचे फोटो दाखवत होत्या, तेव्हा मीही पाहिले. ट्युलिपच्या बागा, नदी, हसणारा आमोद. प्रत्येक फोटोत यज्ञेश्वररावांचा उजवा हात अर्धवट पुढे आलेला, कोणाच्या तरी डोक्यावर ठेवायला निघाल्यासारखा.

"मी खोटं बोललो त्यांच्याशी," ते एकदा कुसुमताईंना म्हणाले.

"अहो, आलात ना परत?"

"त्यांच्या हिशेबानं नाही आलो. आणि तू म्हणत होतीस, दोन बोटं जास्त घ्या. ऐकलं असतं तर?"

"मी तरी त्या दिवशी तुम्हाला परत फिरू दिलं असतं तर?" असं म्हणून कुसुमताईंनी डोळ्यांना पदर लावला.

माझ्याकडे मात्र यज्ञेश्वररावांना बघवेना. मला गॅलरीत टाकलं. जागा वाया नको म्हणून माझ्यात कांदे आले, मग बटाटे आले. दारावर पाटी तशीच: 'आत रावसाहेब आहेत.' ऊन-पावसात तिची अक्षरं फिकट झाली. जाळीला गंज चढला. रावसाहेब गॅलरीत यायचा, तुळशीपाशी उन्हात बसायचा, पण माझ्याकडे पाठ करून. मी कोणाला दोष देऊ? माप त्यांचं चुकलं, पण उंची माझी कमी पडली.

अशी तीन वर्षं गेली. रावसाहेबाचं तोंड पांढरं झालं, मागचे पाय लटपटायला लागले. डॉक्टर घरी येऊन गेले आणि म्हणाले, आता त्रास देऊ नका, जवळ बसा. त्या दिवशी दुपारी तो कसाबसा उठला, गॅलरीत आला आणि माझ्या दाराला नाक लावून उभा राहिला.

"अहो, अहो, इकडे या!" कुसुमताईंनी हाक मारली. त्यांनी दोन्ही हातांनी कांदे बाहेर ओढले, गॅलरीभर झाले. यज्ञेश्वररावांनी जुनी गोधडी आणून अंथरली. रावसाहेब आत आला. गोल फिरायचं त्राण नव्हतं, तरी अर्धा फिरला. टेकला. त्याची ऊब माझ्या तळाला लागली, थोडीशीच.

यज्ञेश्वरराव दारापाशी बसले. दार कोणी लावलं नाही. त्यांनी हात आत घातला, कपाळावरून मानेपर्यंत फिरवला आणि बाहेर घेतला. कान खालीच राहिले.

आपल्याकडे निघणारा 'येतो' म्हणतो, आणि घरातले त्याला 'या' म्हणतात. या वेळी निघणारा रावसाहेब होता, आणि त्याला बोलता येत नव्हतं. यज्ञेश्वररावांना ते कळलं. ते म्हणाले, "या हं, रावसाहेब. या."

मित्रांनो, आता माझ्यात कोणी कांदे ठेवत नाही. दार उघडं असतं, पाटीही काढलेली नाही. माझं तुमच्याकडे मागणं फार नाही. आपल्या लाडक्याचं माप घ्याल, तेव्हा मायेचा हात क्षणभर बाजूला घ्या. तो भ्यायला की केवढा होतो, तेही बघून ठेवा. आणि कोणाला दाराआड ठेवून 'येतो' म्हणालात, तर लवकर या. आत बसलेल्याला तीन आठवडे म्हणजे किती, ते ठाऊक नसतं.